उद्या कोण येणार?

मूल तीन वर्षांचं झालं की त्याची छाननी व्हायची. हुकूमशहा चाउशेस्कूच्या रोमानियात सरकारी शिशुगृहात वाढणाऱ्या मुलांसाठी हा नियमच होता. डॉक्टरांची समिती बसायची. मूल चालतं का, बोलतं का, सांगितलेलं त्याला कळतं का, हे पाहून फाइलवर शेरा मारला जायचा. धडधाकट मुलं शिक्षण खात्याच्या बालगृहांत जायची. पोलिओने पाय लुळा पडलेली, आकडी येणारी, डाउन सिंड्रोमची, कधी कधी नुसतीच उशिरा बोलू लागलेली मुलं ‘सुधारण्यापलीकडची’ ठरायची आणि गावापासून लांबच्या वसतिगृहवजा इस्पितळांत रवाना व्हायची. तिथे धड शाळा नव्हती, कारण शिकवून उपयोग नाही हे आधीच ठरलेलं होतं. उपचारही नावापुरते होते.

डिसेंबर १९८९मध्ये चाउशेस्कूची सत्ता कोसळली. पुढच्या काही महिन्यांत परदेशी कॅमेरे या इमारतींत शिरले आणि कॅमेऱ्यांमागोमाग स्वयंसेवक आले. गरीब देशातल्या अपंग, अनाथ मुलांसाठी दोन-तीन आठवडे काढून निघालेला माणूस आज जगभर ओळखीचा झाला आहे. रोमानियात तो हजारोंच्या संख्येने पोहोचला. त्याच्या येण्याने काय साधलं, काय बिघडलं आणि तो गेल्यावर मुलांचं काय झालं, याचा पस्तीस वर्षांचा जमाखर्च आता मांडता येतो. वाढदिवसाचा केक घेऊन बालगृहाच्या दारात उभ्या राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने तो एकदा तपासावा असा आहे.

मुलं आली कुठून?

ऑक्टोबर १९६६मध्ये रोमानियाच्या सरकारने ७७० क्रमांकाचा हुकूमनामा काढला. मोजके अपवाद सोडता गर्भपातावर बंदी आली. संततिनियमनाची साधनं मिळेनाशी झाली. पंचविशी उलटूनही मूल नसलेल्यांवर जादा कर बसला. देशाची लोकसंख्या वाढली की देश बलवान होतो, असा चाउशेस्कूचा हिशेब होता. परिणाम लगेच दिसला. १९६६ साली २ लाख ७४ हजारांच्या आसपास बाळं जन्मली होती. १९६७ साली ५ लाख २८ हजार. एका वर्षात जवळपास दुप्पट.

मग ऐंशीचं दशक आलं. परदेशी कर्ज फेडायचं म्हणून सरकारने देशातलं धान्य-मांस बाहेर विकायला काढलं. घरात रेशनचा पाव, ऐन थंडीत गारठलेल्या खोल्या, आणि पाचवं मूल पोटात. अशा घरांना सरकार सांगत होतं की तुम्हाला झेपत नसेल तर मूल आमच्याकडे द्या, आम्ही जास्त चांगलं सांभाळू. मूल अपंग असेल तर प्रसूतिगृहातले डॉक्टरच हा सल्ला देत. १९८९ अखेर सुमारे एक लाख मुलं सरकारी संस्थांमध्ये होती आणि त्यातल्या बहुसंख्य मुलांचे आईवडील हयात होते. ‘रोमानियातले अनाथ’ हे शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांनी रूढ केले, पण ही मुलं अनाथ नव्हती. ती गरिबीने आणि सरकारी धोरणाने घराबाहेर काढलेली मुलं होती.

संस्थेत आल्यावर त्यांचं जे व्हायचं त्याचं एक उदाहरण पुरे आहे. कुपोषित तान्ह्या बाळांना ताकद यावी म्हणून थोडं थोडं रक्त चढवण्याची पद्धत होती. सुया त्याच त्या. १९९० अखेरपर्यंत रोमानियात एड्सचे जे रुग्ण नोंदले गेले, त्यात ९० टक्क्यांहून अधिक लहान मुलं होती.

हंगेरीच्या सीमेजवळ बिहोर जिल्ह्यात चिगिद नावाची एक जुनी हवेली आहे. कधी काळी सरदारांची शिकारीसाठीची. १९८७पासून तिथे ‘सुधारण्यापलीकडची’ मुलं ठेवत. १९९०च्या वसंतात जर्मन पत्रकार तिथे पोहोचले, तोवर शंभराहून अधिक मुलं थंडीने, उपासमारीने आणि साध्या साध्या आजारांनी दगावली होती. बातमी फुटली, मदत आली, माणसं बदलली आणि मृत्यूंचं सत्र थांबलं. बाहेरच्या माणसांचं येणं तिथे अक्षरशः जीव वाचवून गेलं. स्वयंसेवकांवर टीका करताना हे कुणी विसरू नये. बंद दाराआड जे वर्षानुवर्षं चालतं, ते आतल्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्याला ‘हे काय चाललंय?’ असं विचारणारा बहुधा बाहेरूनच यावा लागतो.

ट्रक, रंगाचे डबे आणि टेडी बेअर

ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्समधून ट्रक निघाले. त्यांत डायपर, दुधाची भुकटी, गोधड्या, औषधं, खेळणी. माणसंही निघाली: कॉलेजची मुलं, नर्स, चर्चचे गट, निवृत्त सुतार आणि प्लंबर. त्यांनी भिंती रंगवल्या, नळ दुरुस्त केले, खिडक्यांना काचा बसवल्या, मुलांना आंघोळी घातल्या, कडेवर घेतलं. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या पत्नी ऑलिव्हिया हॅरिसन यांनी १९९०मध्ये ‘रोमेनियन एंजल अपील’ सुरू केलं आणि त्यासाठी गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली.

भिंती रंगल्या, पण आतलं गणित तसंच राहिलं. एका पाळीला पंधरा-वीस मुलांमागे एक बाई. पगार तुटपुंजा. सकाळी सगळ्यांना एकाच वेळी शी-शूला बसवायचं, एकाच वेळी भरवायचं, एकाच वेळी झोपवायचं. हे जमवता जमवता तिचा जीव मेटाकुटीला यायचा. भेट आलेली खेळणी मोडू नयेत, चोरीला जाऊ नयेत म्हणून उंच फळीवर मांडून ठेवलेली अनेक स्वयंसेवकांनी पाहिली आणि लिहून ठेवली. पाहुण्यांना त्याचा संताप आला. पण मोडलेल्या खेळण्याचा जाब त्या बाईला द्यावा लागत होता, पाहुण्यांना नव्हे. पाहुणे मुलांना उचलून घेत, नाचवत आणि तीन आठवड्यांनी रडत रडत निघून जात. त्यानंतर कडेवर बसायला सोकावलेली वीस मुलं एकाच वेळी तिच्याकडे हात पसरत. तिला दोनच हात होते. नव्याचे नऊ दिवस संपले की वॉर्ड पूर्वीसारखाच व्हायचा, फक्त जरा जास्त रडका.

दत्तकाचंही असंच घडलं. जानेवारी १९९० ते जुलै १९९१ या काळात सुमारे दहा हजार रोमानियन मुलं परदेशात दत्तक गेली. पण दत्तकाला बाजाराचं रूप आलं तसे दलाल संस्थांऐवजी गरीब वस्त्यांकडे वळले, कारण गिऱ्हाइकांना लहान आणि निरोगी बाळ हवं होतं. ज्यांची चित्रं दाखवून जगाचा गहिवर जमा झाला, ती लोखंडी पलंगांतली अपंग मुलं बहुतांशी तिथेच राहिली.

त्यातून सुटलेल्या थोड्यांपैकी एक म्हणजे इझिडोर रकेल. जन्म १९८०चा. काही महिन्यांचा असताना पोलिओ झाला, आईवडिलांनी इस्पितळात सोडलं आणि तिसऱ्या वर्षी त्याची रवानगी उत्तरेकडच्या सिगेत गावातल्या संस्थेत झाली. १९९१मध्ये त्याला अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतलं. पुढे त्याने स्वतःच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं आणि तो जगभर बोलला. त्याच्या आठवणींतला एक प्रसंग असा आहे. संस्थेतल्या एका तरुण बाईचा त्याच्यावर जीव होता. एकदा ती त्याला रात्रीपुरतं आपल्या घरी घेऊन गेली. बाहेरचं जग त्याने कधी पाहिलंच नव्हतं. घरात खरं जेवण होतं, तिची मुलं होती, तिचा नवरा होता. सकाळी तिने विचारलं, “माझ्याबरोबर कामावर येतोस, की मुलांजवळ घरीच थांबतोस?” तिच्यापासून दूर राहायचं त्या पोराच्या जिवावर आलं. तो म्हणाला, कामावर येतो. आणि ती त्याला घेऊन ज्या दारात उभी राहिली ते संस्थेचंच दार होतं.

त्या बाईने कुठल्याही परदेशी संघटनेचा बिल्ला लावलेला नव्हता. तिचा पगार किती असेल याची कल्पना करता येते. तरी इझिडोरच्या आठवणीत माया म्हणून जी जागा आहे ती तिची. ती रोज यायची, त्याला नावाने ओळखायची, आणि उद्याही येणार हे त्याला ठाऊक होतं. ट्रकभर मदतीत नेमकी हीच गोष्ट नव्हती.

मांडीवर येऊन बसणारं मूल

स्वयंसेवेच्या कुठल्याही वर्णनात एक क्षण हमखास भेटतो. पाहुणा दारातून आत येतो आणि एक अनोळखी मूल धावत येऊन त्याच्या कमरेला मिठी मारतं, मांडीवर बसतं, सोडत नाही. पाहुण्याला भरून येतं. किती माया लावतात ही मुलं, असं तो घरी जाऊन सांगतो.

बालमानसशास्त्रज्ञ या मिठीकडे काळजीने पाहतात. घरात वाढणारं दोन वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड लपतं, तिच्याकडे बघतं, मग हळूहळू पुढे येतं. आपलं कोण आणि परकं कोण हा भेद त्याला कळलेला असतो. तो कळायला ‘आपलं’ माणूस आधी असावं लागतं. ज्याला असं माणूस मिळालेलंच नाही, ते मूल येईल त्याच्या गळ्यात पडतं. कुणाबरोबरही हात धरून निघून जातं. ही धोक्याची खूण आहे. दर पंधरवड्याला नवा मायाळू चेहरा आणि दर पंधरवड्याला त्याचं निघून जाणं, ही वागणूक पक्की करण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

याचा पुरावाही रोमानियातूनच आला. २०००च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमधल्या शिशुगृहांतली १३६ मुलं अभ्यासाला घेतली. वय सहा ते एकतीस महिने. जन्मजात गंभीर व्याधी असलेली मुलं त्यांनी आधीच वगळली होती. निम्म्या मुलांसाठी पालक-कुटुंबं शोधली, त्यांना प्रशिक्षण आणि मोबदला दिला. निम्म्या मुलांची काळजी पूर्वीसारखीच चालू राहिली. संस्थेत राहिलेल्या मुलांच्या मेंदूतली विद्युत हालचाल क्षीण होती, बुद्ध्यंक घसरलेला होता, वाढ खुंटलेली होती. कुटुंबात गेलेली मुलं सावरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली सगळ्यात जास्त. ब्रिटनमध्ये मायकेल रटर यांनी तिथे दत्तक आलेल्या रोमानियन मुलांचा माग अनेक वर्षं काढला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून बाहेर पडलेली मुलं जवळपास इतर मुलांसारखी वाढली. त्याहून जास्त काळ आत राहिलेल्यांपैकी अनेकांना त्याची किंमत मोठेपणीही मोजावी लागली.

म्हणजे जन्मतः धडधाकट मूलही संस्थेत ठेवून अपंग करता येतं. मग जे मूल आधीच अपंग आहे, जे स्वतः कूस बदलू शकत नाही, भूक लागली हे सांगू शकत नाही, त्याला माणसाची गरज किती असेल! त्याला पलंगाजवळ सरकत जाऊन पाहुण्याला मिठीही मारता येत नाही. पाहुण्यांच्या फोटोंत ते सहसा नसतंच.

दयेचा बाजार

रोमानियात संस्था सरकारने भरल्या. नंतरच्या काळात काही देशांत त्या पाहुण्यांनी भरल्या. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत निवासी बालसंस्था १५३वरून २६९वर गेल्या. युद्ध संपून बराच काळ लोटला होता, साथ नव्हती, दुष्काळ नव्हता. वाढले होते ते पर्यटक. अंगकोरची देवळं पाहून झाल्यावर एक दुपार अनाथाश्रमात, असा कार्यक्रम ठरू लागला. नेपाळमध्ये हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतल्या आईबापांना ‘काठमांडूत शाळेत घालतो’ असं सांगून दलालांनी मुलं आणली आणि पर्यटकांपुढे अनाथ म्हणून उभी केली. कॉनर ग्रेनन हा अमेरिकी तरुण २००४मध्ये काठमांडूजवळच्या गोदावरी गावातल्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून गेला होता. तिथल्या मुलांचे आईवडील जिवंत आहेत हे कळल्यावर तो हुमलात गेला आणि पायी फिरत त्यांची घरं शोधू लागला. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७मध्ये अनाथालयांसाठी होणाऱ्या अशा मुलांच्या व्यापाराची आधुनिक गुलामगिरीत गणना केली. २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अशा पर्यटनातून होणाऱ्या हानीची दखल घेतली.

या चर्चेत अपंग मुलांची बाजू मात्र वेगळी पडते. बाजाराला हसरं, नाचणारं, इंग्रजीत दोन वाक्यं बोलणारं मूल हवं असतं. अशा मुलाला घरी परत पाठवणंही तुलनेने सोपं असतं. अपंग मुलाला कुणी फसवून आणलेलं नसतं. गावात उपचार नाहीत, शाळा घेत नाही, आई कामाला गेली तर पाहायला कुणी नाही, म्हणून ते आलेलं असतं. संस्था रिकाम्या होऊ लागल्या की सगळ्यात शेवटी तेच उरतं. पूर्व युरोप आणि मध्य आशियात अपंग मूल संस्थेत असण्याची शक्यता इतर मुलांच्या सुमारे १७ पट असल्याचं युनिसेफने म्हटलं होतं. खुद्द रोमानियाने २००४च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवायला बंदी केली, पण त्याच कलमात अपवाद ठेवला: तीव्र अपंगत्व असलेली मुलं.

एक ताट भात-वरण

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी बहुविकलांग मुलांच्या निवासी संस्थेत मी काही काळ जात होते. तिथल्या भरवण्याच्या वेळेबद्दल सांगते, कारण स्वयंसेवकाचा उपयोग कुठे आहे आणि कुठे नाही हे मला तिथे कळलं.

सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी. वय आठ-नऊ, वजन जेमतेम चार वर्षांच्या मुलाएवढं. अंग कधी धनुष्यासारखं ताठ होतं, कधी सैल पडतं. मावशींनी तिला भिंतीला टेकलेल्या लाकडी खुर्चीत बसवलं, कमरेला पट्टा लावला, मानेमागे टॉवेलची सुरळी खोवली. स्वतः समोर बुटक्या पाटावर बसल्या. मी वर उभी होते तर म्हणाल्या, “ताई, खाली बसा. तुमच्याकडे बघायला तिनं मान वर केली की घास नरड्यात अडकतो.” घासापेक्षा मानेचा कोन महत्त्वाचा. हनुवटी किंचित खाली हवी. भात-वरण अगदी मऊ कुस्करलेलं, पण पाण्यासारखं पातळ नाही; पातळ झालं की ते श्वासनळीत उतरतं. चमचा छोटा, चपटा, अर्धाच भरलेला. तो जिभेच्या मधोमध हलकेच दाबायचा आणि थांबायचं. ओठ मिटेपर्यंत थांबायचं. गिळल्याचा आवाज आला की दुसरा घास. मध्येच तिला ठसका लागला. मावशींनी चमचा खाली ठेवला, पाठ न थोपटता तिला नुसतं पुढे झुकवलं आणि तिच्याशी बोलत राहिल्या. घड्याळात पस्तीस-चाळीस मिनिटं गेली होती. ताटात निम्मा भात शिल्लक होता.

त्या मावशींकडे अशी सहा मुलं होती. एकेकाला अर्धा तास म्हटला तरी एका जेवणाला तीन तास होतात. दिवसात तीन जेवणं. मग अंघोळी, लंगोट, कपडे, औषधं, फिट आली तर धावपळ. हे एका माणसाच्याने होणं शक्य नाही, म्हणून कुठल्याही संस्थेत काय होतं ते उघड आहे. मूल आडवं ठेवून घाईघाईने भरवलं जातं, अन्न फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो. मूल गेलं की कागदावर कारण ‘न्यूमोनिया’ लिहिलं जातं. वेळ नव्हता हे कारण लिहायला रकाना नसतो.

इथे स्वयंसेवकाचा खरा उपयोग आहे. पण मावशींनी मला पहिल्या दिवशी चमचा दिला नाही. आधी नुसतं बघायला लावलं, मग एकाच मुलीजवळ बसवलं आणि तिच्याच जवळ ठेवलं. “रोज नवा हात नको,” एवढंच त्या म्हणाल्या. महिन्यातून एकदा येणारी फिजिओथेरपिस्ट मुलांना व्यायाम फार कमी वेळ द्यायची. उरलेला वेळ ती मावशींना शिकवायची: बसवायचं कसं, उचलताना स्वतःची कंबर कशी सांभाळायची, आखडलेल्या मांड्या अंघोळीच्या कोमट पाण्यात कशा सैल होतात. ती गेल्यावर पुढचे एकोणतीस दिवस ते ज्ञान संस्थेत राहायचं. कोलकात्यात मदर तेरेसांच्या संस्थेच्या ‘दयादान’ या अपंग मुलांच्या घरी जगभरातून स्वयंसेवक येतात, हाताने कपडे धुतात, मुलांना भरवतात. त्यांच्या कष्टांबद्दल शंका नाही. पण आठवड्याभरात ज्याला परत जायचं आहे त्याने धुण्याच्या दगडावर जास्त वेळ द्यावा आणि मुलाजवळचा वेळ रोजच्या माणसाला मिळवून द्यावा, हे मला त्या पाटावर बसून पटलं.

दिवाळीतला फराळ आणि ज्येष्ठातला शुकशुकाट

आपल्याकडची स्वयंसेवा सणावारी असते. दिवाळीच्या आठवड्यात बालगृहांत फराळाची पाकिटं, ब्लँकेटं आणि आकाशकंदील ठेवायला जागा पुरत नाही. ज्येष्ठ-आषाढात, पाऊस लागलेला, कपडे वाळत नाहीत, निम्म्या मुलांना सर्दी-ताप आहे, तेव्हा तिकडे कुणी फिरकत नाही. वाढदिवसाला येणारी कुटुंबं चकली, शेव, केक मुलांच्या हातात देतात. ज्या मुलाला गिळण्याचा त्रास आहे त्याच्यासाठी चकलीचा तुकडा जीवघेणा ठरू शकतो. अधीक्षकांना ते माहीत असतं, पण देणगीदाराला नाही म्हणायची त्यांची छाती होत नाही.

फोटोंचा प्रश्न तर कायद्याचाच आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं चित्र प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तरी ‘वाढदिवस वेगळ्या पद्धतीने साजरा’ असे फोटो व्हॉट्सॲपवर रोज फिरतात. आपल्या पोराचा फोटो अनोळखी माणसाने असा फिरवलेला आपल्याला चालेल का, हा विचार फार थोड्यांच्या मनात येतो.

त्याच कायद्याने संस्था हा शेवटचा पर्याय मानला आहे. मूल आधी स्वतःच्या घरी, ते शक्य नसेल तर नातेवाइकांकडे, दत्तक किंवा प्रतिपालक कुटुंबात, आणि काहीच जमलं नाही तर संस्थेत. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना मूल सांभाळणाऱ्या कुटुंबाला दरमहा २,२५० रुपये देते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ही रक्कम ४,००० आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची औषधं, खास खुर्ची, थेरपीसाठी जिल्ह्याच्या गावी जायचं बसभाडं आणि आईची बुडालेली मजुरी या रकमेत बसत नाही. बसली असती तर काही मुलं संस्थेत आलीच नसती.

आणि अठरा वर्षांनंतर काय? अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यावर, स्टेशनांवर टाकून दिलेली मूकबधिर, अंध, मतिमंद मुलं सांभाळली. शंभरावर मुलांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून त्यांचं नाव आहे. मुलांनी आजूबाजूच्या उजाड टेकडीवर हजारो झाडं वाढवली. २०२४मध्ये बाबांना पद्मश्री मिळाली. त्यांची कित्येक वर्षांची मागणी एकच आहे: अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून मतिमंद मुलाला संस्थेतून बाहेर काढू नका, त्याला आयुष्यभर राहता येईल असा कायदा करा. रोमानियाला हा प्रश्न उशिरा भेटला. जुलै २०२३मध्ये बुखारेस्टजवळच्या काही खासगी निवासांवर छापे पडले. तिथे वृद्ध आणि अपंग प्रौढ उपाशी आणि मारहाण झालेल्या अवस्थेत सापडले. दोन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. मुलांच्या संस्था बंद करणाऱ्या देशाने मोठ्या झालेल्या अपंगांसाठी पुरेशी सोय केली नव्हती.

जे राहिले

रोमानियाच्या जमाखर्चात जमेची बाजू मोठी आहे. एक लाखावरून तिथल्या मोठ्या बालसंस्थांतली मुलं आता काही हजारांपर्यंत खाली आली. हे कसं झालं? त्यातला एक धागा स्वयंसेवकांचाही आहे, पण वेगळ्या स्वयंसेवकांचा. ‘रोमेनियन एंजल अपील’ पुढे रोमानियन माणसांच्याच हाती गेली आणि एचआयव्ही झालेल्या मुलांसाठी स्थानिक डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण देऊ लागली. ब्रिटिश लष्करातले कर्नल मार्क कुक यांनी युद्धात उद्ध्वस्त झालेलं क्रोएशियातल्या लिपिक गावचं अनाथालय पुन्हा उभारलं आणि १९९४मध्ये पत्नी कॅरोलाइनसह ‘होप अँड होम्स फॉर चिल्ड्रेन’ ही संस्था काढली. पुढे मुलांना चांगल्या अनाथालयापेक्षा घर हवं असतं हे मान्य करून त्यांच्या संस्थेने उलट काम हाती घेतलं. १९९८पासून रोमानियात ती स्थानिक सरकारांच्या जोडीने अनाथालयं बंद करत आली. बंद करायची म्हणजे कुलूप लावायचं नव्हे. एकेका मुलाचं घर शोधायचं, आईला भाड्याला किंवा चुलीला काही हातभार लावायचा, ते जमत नसेल तर प्रतिपालक तयार करायचे, आणि तीव्र अपंगत्वाच्या मुलांसाठी साध्या गल्लीत मोजक्या मुलांची छोटी घरं उघडून जुन्याच कर्मचाऱ्यांना नव्याने शिकवून तिथे नेमायचं. हे काम वर्षानुवर्षं चालतं आणि त्याचे चांगले फोटो निघत नाहीत.

म्हणून कुणी मला विचारलं, की नेपाळला, आफ्रिकेत किंवा इथेच पन्नास किलोमीटरवरच्या संस्थेत जाऊ का, तर मी जाऊ नका असं म्हणत नाही. आधी संस्थेला चार गोष्टी विचारा असं सांगते. मुलांचे आईवडील आहेत का, आणि त्यांच्याशी संपर्क ठेवायला तुमच्याकडे माणूस आहे का? मावशींचा पगार किती, आणि त्या किती वर्षं टिकतात? मी पोलिसांकडची पडताळणी करून येऊ का? मी गेल्यावर माझं काम कोण करणार? पहिल्या तीन प्रश्नांना जी संस्था सरळ उत्तर देत नाही, तिथे पैसेही देऊ नका. चौथ्याचं उत्तर ‘कुणी नाही’ असेल, तर तुमचं काम बदलून घ्या: हिशेब लिहा, बाथरूमला कठडे बसवा, व्हीलचेअर दुरुस्त करा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि आधार यांसाठी तहसील आणि जिल्हा रुग्णालयाच्या चकरा मारा. अधीक्षकाचा निम्मा जीव त्यातच जातो.

आणि हात मोकळा असेल तर एका मावशीचा पगार द्या. पहिल्या महिन्याचा द्यायला शंभर जण तयार होतात. तुम्ही अठराव्या महिन्याचा देता येईल का ते बघा.